सांभाळायला ठेवलेलं

(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'दैनंदिन औदार्याचा इतिहास' असा छापला आहे. शीर्षक मीच कळवलं होतं, पण छापलेलं पाहिल्यावर मलाच ते जड वाटायला लागलं. खरा विषय एवढा मोठा नाही. खरा विषय कुत्रं आहे. (हशा) हसू नका, दीड महिना मी याच विषयावर विचार करतो आहे.

झालं असं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं वर्षातले सहा महिने इथं आणि सहा महिने पुण्यात मुलीकडे असतो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोन खोल्या आणि एक गॅलरी. नातीचा एक दिवस इथं फोन आला, "आबा, आपण एक कुत्रं फॉस्टर करायचं का?" मी विचारलं, म्हणजे दत्तक घ्यायचं का? ती म्हणाली, नाही, दत्तक म्हणजे कायमचं. फॉस्टर म्हणजे सहा-आठ आठवडे. रस्त्यावर जखमी सापडलेलं कुत्रं बरं होईपर्यंत किंवा त्याला कायमचं घर मिळेपर्यंत आपल्याकडे ठेवायचं आणि मग देऊन टाकायचं. तुम्ही दोघं दिवसभर घरी असता, म्हणून विचारते. मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, "आबा, तुम्ही फिलॉसॉफीवाले. विचार होईपर्यंत कुत्रं म्हातारं होईल." (हशा)

तर तो विचार आज तुमच्यासमोर मांडतो आहे. आणि तो मला पुण्यात सुचला नाही, आपल्याच जिल्ह्यात सुचला.

डिसेंबर 2021 तुम्हाला आठवत असेल. माजलगाव तालुक्यातलं लवूल हे गाव अचानक जगभर गाजलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून नेतात, झाडावर, घरांच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर घेऊन बसतात, आणि पिल्लं मरतात. अडीचशे पिल्लं मारली, असा आकडा फिरला. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून वानरांनी सूड उगवला, अशी गोष्ट तयार झाली. अमेरिकेत बसलेल्या लोकांनी आपल्या लवूलवर विनोद केले. शेवटी वनखात्याच्या पथकानं दोन वानरं पकडून दूर जंगलात नेऊन सोडली आणि विषय संपला.

अडीचशेचा आकडा फुगलेला होता. सुडाच्या कथेला तर काही आधारच नव्हता. सूड ही माणसाची आवडती कल्पना आहे, ती आपण वानरावर लादली. मला त्या बातम्यांतली वेगळीच गोष्ट खटकली. बरीच पिल्लं फाडलेली, चावलेली नव्हती. ती उंचावरून पडून किंवा वर उपाशी राहून मेली, असं गावातले लोक सांगत होते. आता आपल्याकडच्या वानरांमध्ये एक सवय असते. एका मादीचं पिल्लू दुसऱ्या माद्या मागून घेतात, छातीशी धरून फिरवतात. माउंट अबूच्या वानरांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला, त्यात हे सविस्तर नोंदलेलं आहे. लवूलच्या वानरांनी नेमकं त्याच ओढीनं पिल्लं उचलली, असं मी ठामपणे म्हणणार नाही, ते प्राणिशास्त्रज्ञांचं काम. पण काही जाणकारांनी ही शक्यता बोलून दाखवली होती, आणि ती ऐकल्यापासून एक चित्र माझ्या डोक्यातून जात नाही. वानर पिल्लाला उराशी धरून बसलं आहे. मारत नाही, सोडतही नाही. पिल्लू दुधासाठी केकाटतं आहे, आणि वानराला ते कळत नाही.

नातीचा फोन आला तेव्हा मला आधी हे चित्र आठवलं. तिला मी सांगितलं नाही. उगाच लेकराच्या उत्साहावर पाणी कशाला.

आता इतिहासाकडे येतो. आपल्या गावगाड्यात कुत्र्याला घर नव्हतं, गाव होतं. माझं मूळ गाव केज तालुक्यातलं. आमच्या आळीत सात-आठ कुत्री होती आणि त्यातलं कोणतं कोणाचं, हे सांगता आलं नसतं. शेवटची भाकर कुत्र्याची, हा घरोघरचा रिवाज. तवा उतरवायच्या आधी उरलेल्या पिठाची एक जाड, वाकडीतिकडी भाकर थापायची, ती कुत्र्याला. जेवायच्या आधी गायीचा घास, कावळ्याचा घास, तसाच कुत्र्याचा. खंडोबाचं म्हणून कुत्र्याला मान. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, आणि त्यांना लोक चार वेद म्हणतात. खंडोबाचा वाघ्या तर स्वतःच देवाचं कुत्रं होतो, गळ्यात पट्टा घालतो, कोटंब्यात भिक्षा घेतो. दुसऱ्या कुठल्या धर्मपरंपरेत भक्तानं अभिमानानं स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून घेतलं असेल, तर थोड्याच.

संतांच्या कथा तुम्हाला पाठ आहेत. नामदेव आपल्या मराठवाड्यातले, नरसीचे. कुत्र्यानं भाकरी पळवली तर हे तुपाची वाटी घेऊन मागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. एकनाथ तर इथून जवळ, पैठणचे. काशीहून खांद्यावर आणलेली गंगेची कावड तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. या आख्यायिका आहेत, त्यांना इतिहास म्हणता येणार नाही. पण कोणता समाज कोणत्या आख्यायिका शेकडो वर्षं जपतो, हा इतिहासच असतो.

आणि इथंच मला थांबायला हवं. कारण याच समाजाचा दुसराही इतिहास आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, कुत्रं गेलं तर कोणी हटकत नव्हतं. माणसांना बंदी होती. आमच्या आळीत कुत्रं ओसरीपर्यंत यायचं आणि गावाची राखण करणारा येसकर भाकरी मागायला आला की अंगणाच्या बाहेर उभा राहायचा. ती भाकर त्याच्या कामाचा मोबदला होती, हक्क होता. पण ती त्याच्या हातावर ठेवली जात नसे. वरून टाकली जायची. लहानपणी मी ते रोज बघितलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज सांगताना मान खाली जाते. कुत्र्याकडे भाकर फेकायची आणि माणसालाही वरूनच टाकायची, हात एकच आणि हाताची सवयही एकच. तेव्हा मुक्या जनावरांवर आपण किती प्रेम करायचो, हे जो अभिमानानं सांगतो, त्यानं ही गोष्टही सोबत सांगावी. नामदेवांच्या कथेत मला तूप महत्त्वाचं वाटत नाही. ते धावले हे महत्त्वाचं वाटतं. दूर उभं राहून टाकलं नाही.

तर भाकर टाकणं ही आपल्याकडची मोठी परंपरा. पण त्याच गावात आणखी एक छोटी परंपरा होती, तिला नाव नाही म्हणून ती इतिहासात आली नाही. सांभाळायला ठेवणं. आपला जिल्हा ऊसतोडीचा. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या निघतात, बैलगाड्या, आता ट्रॅक्टर, ट्रक. पाडव्याच्या आगेमागे परत येतात. सहा महिने अर्धं गाव रिकामं. मग म्हातारी माणसं मागं राहतात, शाळेतली लेकरं कुठं आजीजवळ, कुठं हंगामी वसतिगृहात. शेळी शेजारच्याकडे अर्धलीनं, म्हणजे होणारी करडं निम्मी-निम्मी. कोंबड्या कोणाकडे, किल्ली कोणाकडे. आणि कुत्रं? काही कुत्री गाडीखाली चालत कारखान्यापर्यंत जातात. जी जात नाहीत, त्यांच्याकडे कोणीतरी बघतं. त्यासाठी अर्धली नाही, करार नाही. बाई जाता जाता शेजारणीला एवढंच म्हणते, जरा बघा बरं का. दुष्काळात गुरांसाठी चारा छावण्या निघाल्या, 2013 ला निघाल्या, 2019 ला निघाल्या. कुत्र्यासाठी छावणी कधी निघाली नाही, निघणारही नाही. जे झालं ते या 'जरा बघा' वरच झालं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. 1972 चा दुष्काळ. मी तेव्हा बावीस वर्षांचा, नुकताच बी.ए. झालेला. सलग पाऊस गेलेला, विहिरीत चिखल, वडिलांनी बैलजोडी कवडीमोलानं काढली. गावात खडी फोडायची कामं, पाझर तलावाची कामं. बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी, यावर लोक जगले. आम्ही घर बंद करून अंबाजोगाईला चुलत्याच्या दोन खोल्यांत आलो. आमच्या अंगणात एक कुत्रा पडून असायचा, मोत्या. सगळ्या आळीचा असला तरी तो झोपायचा आमच्याच दारात. आम्ही निघालो तेव्हा तो फाट्यापर्यंत आला. एसटी आली, आम्ही बसलो, तो एसटीमागं पळाला. मी मागच्या काचेतून बघत होतो. वडील म्हणाले, पुढं बघ.

मी कोणाला 'जरा बघा' म्हटलं नव्हतं. माणसांच्या खायची भ्रांत असताना कुत्र्याचं काय बोलणार, असं वाटलं. आणि ते काही अगदी खोटं नव्हतं. 1630 ते 32 च्या दुष्काळात गुजरात-दख्खनमध्ये बकऱ्याचं म्हणून कुत्र्याचं मांस विकलं गेलं, असं शहाजहानच्या दरबारातला अब्दुल हमीद लाहोरी बादशाहनाम्यात लिहितो. पोट रिकामं असताना माणूस काय करतो, हे इतिहासाला चांगलं माहीत आहे.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी गावी गेलो. मोत्या जिवंत होता. वेशीजवळ एक एकटी म्हातारी राहायची, तिला सगळी नानी म्हणायची. तिच्या दारात बसला होता. मला बघून उठला, जवळ आला, वास घेतला, शेपूट हलवली. त्यानं मला ओळखलं होतं. आणि मग तो परत जाऊन नानीच्या पायाशी बसला. नानी म्हणाली, "न्या की. तुमचंच हाय ते. म्या आपलं सांभाळायला ठिवल्यावानी ठिवलंय." तिच्या वाट्याला मिलोच्या दोन भाकरी यायच्या, त्यातली अर्धी ती त्याला देत होती. कोणी न सांगता. आणि वर मला म्हणते, तुमचंच आहे, न्या.

मी नेला नाही. चुलत्याच्या दोन खोल्यांत कुठं नेणार होतो.

पुढं मी तत्त्वज्ञान शिकलो, तीसएक वर्षं शिकवलं. कांटचं एक उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगायचो. तो म्हणतो, कुत्रं म्हातारं होऊन निरुपयोगी झालं म्हणून मालकानं त्याला गोळी घातली, तर कुत्र्याबाबतचं कर्तव्य चुकलं असं म्हणता येत नाही, कारण कुत्र्याला विवेकबुद्धी नाही. पण त्या माणसानं स्वतःमधल्या माणुसकीला इजा केली, आणि म्हणून तसं करू नये. मुलं वहीत लिहून घ्यायची. मला मात्र दरवर्षी त्या वाक्याशी अडखळायला व्हायचं. माझ्या माणुसकीला काय इजा झाली असेल ती होवो, एसटीमागं तर मोत्या पळत होता. नानीनं कांट वाचला नव्हता आणि तिचा हिशेब सरळ होता. कुत्रं भुकेलं आहे, तर भाकर कुत्र्याला द्यायची. स्वतःच्या आत्म्याला नव्हे.

बरं, हे गावाचं झालं. शहरात काय झालं? शहरातल्या कुत्र्यांच्या प्रश्नाचा आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला प्रसंग मुंबईचा आहे, आणि तो जवळजवळ दोनशे वर्षं जुना आहे. कंपनी सरकारनं उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याचा नियम केला होता. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती होती आणि ती खोटी नव्हती. लुई पाश्चरची लस यायला अजून पन्नास वर्षं होती, ती 1885 ला आली. तोपर्यंत पिसाळलेलं कुत्रं चावणं आणि लक्षणं दिसणं म्हणजे मरणच. 1832 साली सरकारनं मारण्याची मुदत वाढवली आणि मेलेल्या कुत्र्यामागं बक्षीस लावलं. बक्षीस लावलं की काय होतं, हे वेगळं सांगायला नको. पकडणारे मोकाट कुत्र्यांमागं फिरण्यापेक्षा घरात शिरून पाळलेली कुत्री ओढून न्यायला लागले. ती सोपी पडतात ना. जून 1832 मध्ये कोटातल्या पारशांनी दंगा केला. पारशी धर्मात कुत्रं पवित्र, मृताला कुत्र्याची नजर दाखवण्याचा 'सगदीद' हा विधीच आहे. पण दुसऱ्या दिवशी पारशांबरोबर हिंदू, जैन, इस्माईली मुसलमान व्यापारीही उतरले. दुकानं बंद. कुलाब्याच्या छावणीत गोऱ्या सैनिकांना जाणारी रसद अडवली. लष्कर बोलवावं लागलं, काहींना शिक्षा झाल्या. शेवटी जमशेटजी जीजीभाईंसारखे लोक मधे पडले, आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, असं ठरलं.

आपण शाळेत शिकलो की मुंबईत सर्व धर्मांचे लोक सरकारविरुद्ध एकत्र आले ते काँग्रेसच्या काळात. त्याच्या पन्नास वर्षं आधी ते कुत्र्यांसाठी एकत्र आले होते. (हशा, टाळ्या) टाळ्या जरा थांबवा, कारण गोष्ट इथं संपत नाही.

'शहराबाहेर नेऊन सोडावीत', या वाक्यात सगळी गोम आहे. बाहेर म्हणजे कुठं? बाहेरही कोणाचं तरी गाव असतं. दंगा करायला दोन दिवस लागतात, पण शेकडो कुत्र्यांना रोज खायला घालायला दोन दिवस पुरत नाहीत. जमशेटजी आणि मोतीशा शेठ यांना हे कळलं, हे त्यांचं मोठेपण. 1834 मध्ये त्यांनी मुंबईत पांजरपोळ काढली. ती पहिल्यांदा कुत्र्या-डुकरांसाठी होती, गायी नंतर आल्या. आणि खर्चासाठी त्यांनी देणगीचं आवाहन करून हात झटकले नाहीत, तर व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर आपणच एक छोटी पट्टी बसवून घेतली, म्हणजे दरवर्षी पैसा येत राहील. भुलेश्वरला पांजरपोळ आजही आहे. मराठीत मात्र आपण त्या शब्दाची शिवी केली. कचेरीत निकामी माणसं भरली की म्हणतो, ही काय पांजरपोळ आहे का!

नंतरचा इतिहास भराभर सांगतो, कारण तो तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेला आहे. मुंबई महापालिकेनं पुढं शंभरावर वर्षं कुत्री मारली आणि कुत्री काही संपली नाहीत. 1990 च्या दशकात मारणं थांबलं. 2001 साली केंद्राचे नियम आले, पकडा, नसबंदी करा, लस टोचा, होतं तिथंच सोडा. 2023 ला ते सुधारले. 11 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात टाका म्हणून सांगितलं, आणि अकरा दिवसांत, 22 ऑगस्टला, तो आदेश बदलला. पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची लस टोचून परत सोडा, खायला ठरलेल्या जागीच घाला. आणि ज्यांना प्रेम आहे त्यांनी खुशाल दत्तक घ्यावीत, मात्र ते कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी त्यांची. पुन्हा 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवा, परत सोडू नका, असा आदेश झाला. 1832 आणि 2025. मधे एकशे त्र्याण्णव वर्षं गेली, आणि वाद तोच आहे. मारायचं, हलवायचं की ठेवायचं, आणि ठेवायचं तर कोणी?

यात कुत्र्याला भिणाऱ्याची बाजू मी हलकी मानत नाही. कुत्रं चावतं ते बहुतेक वेळा गाडीतून जाणाऱ्याला नाही. पालात झोपणाऱ्या लेकराला चावतं, पहाटे झाडू मारायला निघालेल्या बाईला चावतं. आमच्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, त्या नुसत्या कल्पनेनं अंगावर काटा यायचा. पुण्यात मी रोज सकाळी बघतो, लोक गाडीतून येतात, कोपऱ्यावर बिस्किटाचा पुडा फोडतात, कुत्री गोळा होतात, लोक गाडीत बसून निघून जातात. पुण्य त्यांच्या खात्यावर आणि कुत्री कोपऱ्यावरच्या झोपडीवाल्याच्या दारात. ही तीच वरून टाकलेली भाकर आहे, फक्त आता तिला ब्रँड आहे.

औदार्याला आपल्या मराठीत एक साधा शब्द आहे, दानत. 'त्याची तेवढी दानत नाही', असं आपण म्हणतो. मला कित्येक वर्षं वाटायचं की हा शब्द 'दान' वरून आला. तसा तो आलेला नाही. कोशात पाहाल तर तो अरबी-फारसी 'दियानत' वरून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ प्रामाणिकपणा, सचोटी. मराठीत आल्यावर 'दान' शेजारी बसून तो उदारपणाकडे झुकला. मला हा अपघात फार आवडतो. कारण द्यायच्या बाबतीत आपण जे चुकतो ते कंजूषपणानं कमी आणि अप्रामाणिकपणानं जास्त. किती जमेल, किती दिवस जमेल, हे स्वतःशी खरं बोलत नाही.

खरं बोलणारी माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत. शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद, ज्यांना सगळे शब्बीरमामू म्हणतात. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. वडिलांनी जनावरं सांभाळायला सुरुवात केली, ती यांनी चालू ठेवली, शंभराहून जास्त गुरं. कोरडवाहू जमीन, दुष्काळी तालुका, आणि खर्च चालतो तो मुख्यतः शेणखत विकून. शेतकऱ्याला बैल देतात तो अटीवर, की थकला तर खाटकाला विकायचा नाही, मला परत आणून द्यायचा. ही अट बघा. बैल दिला, पण त्याच्याबद्दलची जबाबदारी दिली नाही, ती स्वतःकडे ठेवली. त्याच तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी हे वन्यप्राण्यांचं केंद्र आहे. जखमी हरीण, घुबड, मोर आणतात, बरे करतात, आणि सोडून देतात. तिथं कौशल्य सोडण्यात आहे. लळा लागला तर प्राणी जंगलात जगत नाही. म्हणजे माझी नात ज्याला फॉस्टर म्हणते, ते तागडगावच्या माळावर वर्षानुवर्षं चाललं आहे.

हे सगळं मनात जमल्यावर मी नातीला फोन केला आणि म्हटलं, मला काही गोष्टी सांग. रात्री दोन वाजता त्याला खाली कोण नेणार? माझे गुडघे असे. लिफ्ट बंद पडली तर? तुझी दहावी आहे. तुझ्या आईला सोमवार ते शुक्रवार रात्री आठशिवाय घर दिसत नाही. सहा आठवड्यांत त्याला घर मिळालं नाही तर पुढं काय? आणि सोसायटीचं काय? सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी आधीच लिहून टाकलं होतं की इथं प्राण्यांना बंदी आहे. तशी बंदी कोणत्याही सोसायटीला घालता येत नाही, सभेत बहुमतानंसुद्धा नाही, हे प्राणी कल्याण मंडळानं 2015 मध्येच स्पष्ट केलं आहे. पण कायदा बाजूनं आहे म्हणून शेजाऱ्याशी भांडत बसायचं मला वय नाही. त्या गृहस्थांच्या घरात लहान मूल आहे आणि त्यांना लहानपणी कुत्रं चावलेलं आहे, हे त्यांच्याकडे चहाला गेल्यावर कळलं. लिफ्टमध्ये ते असतील तेव्हा आम्ही जिना वापरायचा, असं ठरलं. माझे गुडघे पुन्हा मधे आलेच. (हशा)

नातीला पिल्लू हवं होतं. तिनं फोटोही पाठवला, तीन आठवड्यांचं, डोळे नुकते उघडलेले. मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्याला दर तीन-चार तासांनी पाजावं लागेल, रात्रीसुद्धा. आणि गायीचं दूध चालणार नाही, पचत नाही, जुलाब होऊन पिल्लू दगावतं. मला गायीचंच दूध माहीत होतं. मी आपलं प्रेमानं वाटीभर पाजलं असतं. डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या मला लवूलची टाकी दिसली.

म्हणून पिल्लाला मी नाही म्हटलं. नात दोन दिवस बोलली नाही. ते पिल्लू एका तरुण जोडप्यानं नेलं, त्यांनी आधी चार पिल्लं अशी वाढवलेली आहेत. तिसऱ्या दिवशी मीच त्या संस्थेच्या मुलीला विचारलं, तुमच्याकडे माझ्यासारखं कोणी आहे का? म्हणजे? म्हटलं, म्हातारं, फारसं न चालणारं, दिवसभर झोपणारं. ती हसली. आहे म्हणाली. दहा वर्षांची कुत्री, मागचा पाय गाडीखाली आलेला, ऑपरेशन झालं आहे, प्लास्टर निघेपर्यंत सहा आठवडे शांत जागा हवी. म्हाताऱ्या कुत्र्यांना कोणी नेत नाही, सगळ्यांना पिल्लं हवी असतात. मला हे सांगताना तिला वाटलं असेल की माझं मन वळवावं लागेल. ते आधीच वळलं होतं.

आमच्या मंडळींनी एकच अट घातली, सहा म्हणजे सहा. त्यांना माझा स्वभाव माहीत आहे.

परवा शनिवारी ती येते आहे. मी उद्याच्या गाडीनं पुण्याला निघतो. नातीनं गॅलरीत जुन्या सतरंजीची जागा केली आहे आणि नावांची यादी काढली आहे. मी तिला म्हटलं, नाव आपण ठेवायचं नाही. ज्यांच्याकडे ती कायमची जाणार, त्यांना ठेवू दे, नाहीतर तिला दोन-दोन नावं विसरावी लागतील. मला वाटलं मी फार विचारपूर्वक बोललो. ती म्हणाली, "बरं आबा. पण मग सहा आठवडे तिला हाक काय मारायची?"

याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. अध्यक्षांनी मघापासून दोनदा घड्याळाकडे पाहिलं आहे, तेव्हा थांबतो. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. नाव सुचवायचं असेल तरी चालेल.